खांबाजवळची झाकलेली गाडी

मंगळवार, ता. १७
दुपार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

समोरच्याच इमारतीत राहतेस, खिडकीतून हाक मारली तरी ऐकू जाईल, आणि मी पत्र लिहितेय म्हणून हसशील. हस. तोंडावर बोलायला आले तर तू आधी चहा टाकशील, मग माझ्या पाठीवर हात ठेवशील, आणि बोलायचं ते घशातच राहील. भावजींचा गुडघा कसा आहे? परवा पायऱ्या उतरताना दिसले. काठी नुसती मिरवतात, टेकत नाहीत. सांग त्यांना.

मी बरी आहे. वाचनालयातून दोन जाड कादंबऱ्या आणल्यात. एक रटाळ आहे, पण सुरू केलेलं पुस्तक मला सोडवत नाही.

आता पार्किंगचं. लिफ्टमध्ये चिकटवलेला नवा नियम मी चष्मा लावून दोनदा वाचला. चौथीत शाळा सुटली असली तरी कमिटीच्या भाषेला मी घाबरत नाही. ज्याची चालती गाडी आहे त्यालाच छपराखालची जागा. नसेल त्याने सोडायची, आणि ती यादीतल्या पुढच्या घराला मिळणार. पुढचं घर तुमचं. तुमची गाडी बाहेरच्या रस्त्यावर असते, तिथून फाटकापर्यंत चढ आहे, आणि डॉक्टरांनी भावजींना चढ बंद केलाय. हे सगळं ठाऊक असून मी रविवारी गप्प बसले.

रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे कडक घडीची आपली ‘इस्त्री’, गाड्यांवर स्टिकर लावत माझ्या जागेजवळच्या खांबापाशी आले आणि त्यांनी आमच्या गाडीच्या कव्हरला हात घातला. आणि तू मध्येच पुढे झालीस.

“राहू द्या हो, किल्ली आमच्याकडे असते. आमचे हे अधूनमधून फिरवून आणतात.”

“त्यांचा तर गुडघा दुखतो ना?”

“चालताना दुखतो. बसायला काय होतंय!”

इस्त्रीने स्टिकर कव्हरवरच चिकटवला आणि ते पुढे गेले.

मला वाटत होतं, तुला काही माहीत नाही. आमचे हे वारल्यावर भाचा गाडी घेऊन गेला, तेव्हा कव्हर धुऊन दोरीवर वाळत होतं, म्हणून मागे राहिलं. ती मोकळी जागा बघवेना. मग मी जुनी खाट खाली नेली, तिच्यावर खुर्च्या चढवल्या, पुढे बॉनेट म्हणून धुण्याचा टब पालथा घातला आणि वरून कव्हर ओढलं. खिडकीतून बघितलं तर अगदी गाडी! मागून जरा बसकी, पण ती होतीच मागून बसकी. वॉचमन तिच्याभोवती रोज झाडतो.

इस्त्री गेल्यावर तू वर आलीस आणि म्हणालीस, “ताई, बॉनेट जरा जास्तच गोल झालंय.”

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. टब माझा आहे.”

मग म्हणालीस, “जागा तुमचीच राहू दे. आम्ही बघू काहीतरी.” त्यावर मी तुला काय म्हटलं, आठवतंय? तिथे पाइप ठिबकतो, खांबामुळे दार पुरतं उघडत नाही, कबुतरं टपावर घाण करतात, तुमच्या नव्या गाडीला शोभणार नाही. पुस्तकांत एखादा माणूस एका गोष्टीची अशी कारणांवर कारणं द्यायला लागला की मी लगेच ओळखते, खरं कारण याने अजून काढलेलंच नाही. माझंही तसंच होतं.

बाहेरचा रस्ता खणला होता तेव्हा वॉचमनने तुमची गाडी काही दिवस माझ्या खिडकीखाली थांबू दिली होती. संध्याकाळी भावजी यायचे, तू चपला ओढत खाली जायचीस. एकदा म्हणालीस, “पाव कुठंय?”

“मला वाटलं, तू आणशील.”

“मी आणणार होय? घरात भट्टी लावलीय मी!”

“मग फोन करायचा होतास.”

“केला होता. उचलायला कान लागतात.”

आणि दोघं हसलात. त्यांची जड बॅग तू घेतलीस, आणि ते तुझी पर्स काखेत मारून लंगडत निघाले. मी खिडकीतून हलले नाही. डोळे भरून बघितलं आणि मग रात्रीचा स्वयंपाकच केला नाही.

मी तुझ्यावर जळते, धाकटे. पावावरून भांडायला तुला माणूस आहे. तुझे आणि माझे, दोघं सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, दिसायला एकसारखे, खाकरतातही एकसारखे. मग हा राहिला आणि तो का गेला, असं माझ्या मनात आलं. भावजींचं वाईट मी कधी चिंतलं नाही, चिंतणारही नाही. पण आलं मनात. तुमची गाडी तिथे लागली की हे रोज संध्याकाळी येणार, आणि मला ते नको होतं. म्हणून खाट, म्हणून टब.

तू हक्काने जागा मागितली असतीस तर मी कडाकडा भांडले असते. तू खोटं बोलून ती मलाच देऊन टाकलीस. त्याचाही मला राग आला. एवढं मोठं मन करायला घरात कुणीतरी वाट बघणारं लागतं, असं वाटलं.

आज सकाळी इस्त्रीकडे जाऊन जागा सोडते म्हणून सांगून आले. “आणि गाडी?” म्हणाले. म्हटलं, “ती भाच्याकडे.” उगाच खोटं कशाला बोलायचं! उद्यापासून जागा तुमची.

एकच सांगणं. खाली उभे राहून भांडाल, तेव्हा माझ्या खिडकीकडे बघून आवाज बारीक करू नका. तेवढी दया मला सोसायची नाही. मला बघवलं नाही तर खिडकी मी लावून घेईन. कधी लावलेली दिसली तर वर येऊन विचारू नकोस.

खाट खाली आणताना ओढत आणली, पण वर न्यायला एकटीला उचलत नाही. उद्या कामं आटपली की खाली ये, आपण दोघी मिळून काढू. पण एकटी ये. भावजींना आणू नकोस. विचारलंच त्यांनी, तर गुडघ्याचं कारण सांग.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई