तळटीप क्रमांक एकशे बारा

मी, रेमेई विलादोमात, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार सान्त्स, बार्सिलोना, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते. यकृताचा भरवसा नाही, डोक्याचा आहे.

१. अराज्यवादावरील माझी सर्व पुस्तके विद्यापीठास द्यावीत. सरकारच नको म्हणणाऱ्यांचा जन्मभर अभ्यास केला आणि पगार सरकारचा खाल्ला. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

२. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक वारले. हयात असते तरी त्यांना काही दिलं नसतं. "मुलाखतीखाली नाव-पत्ता नसेल तर त्या चव्हाट्यावरच्या गप्पा झाल्या, बाई, संशोधन नव्हे!" असं ते म्हणाले आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

३. राहते घर अरोरा बाडिया हिला द्यावे. तिचे वडील फेलिऊ विणकर होते, जुने अराज्यवादी. हुकूमशाहीत त्या मंडळींत एकमेकांचं खरं नाव विचारायचीही पद्धत नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरात टोमॅटो चोळलेला पाव खात मी सगळं टिपून घेतलं. "लिही पोरी, सगळं लिही. फक्त मला वगळ," ते म्हणाले होते. १९७१ साली प्रबंधाच्या एकशेबाराव्या तळटीपेत मी त्यांचं नाव, गल्ली, घर क्रमांक छापला. प्रबंधाला विशेष श्रेणी मिळाली. पोलिसांनीही तो वाचला. फेलिऊ दोन वर्षांनी तुरुंगातच वारले.

४. चुगलीचा आळ आला फेलिऊंच्या खालच्या मजल्यावरच्या क्लिमेंत न्हाव्यावर. त्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला कोणी येईना, दुकान बसलं. सतरा वर्षांची अरोरा त्याच्या तोंडावर थुंकली, तेव्हा मी तिचा हात धरून उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही. लाज वाटते, फार लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर हे कलम अरोराला वाचून दाखवावे.

५. पुरवणी. साक्षीदार म्हणून क्लिमेंत यांना बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुझ्या मृत्यूनंतर? अगं, मी अठ्ठ्याऐंशीचा आहे. आधी मी गेलो तर?"

म्हणून अरोराला आजच बोलावून सारे वाचून दाखवले. क्लिमेंत यांनी मग सही केली. अरोराने घर नाकारले. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. क्लिमेंतना म्हणाली, "उठा काका, जिना अवघड आहे, माझा हात धरा."

घर कोणाला द्यावे, हे मला आता सुचत नाही.

बार्सिलोना, १४ नोव्हेंबर २०१४
सही: रेमेई विलादोमात
साक्षीदार: पाऊ एस्त्राग्वेस, ग्रंथपाल
साक्षीदार: क्लिमेंत रोविरोझा, न्हावी