कॉरिनला घेऊन जाते आहे

वेंडेल,

कॉरिनला घेऊन हॉस्पिटलला निघाले. गाडी ग्लोरियाबाई चालवताहेत. त्याच, ज्यांना परवा तू 'आम्हाला कुणाची दया नको' म्हणून दारातूनच परत पाठवलंस. त्यांच्या मुलालाही हाच कॅन्सर झाला होता. हॉस्पिटलजवळ आम्हा दोघींना राहायला खोलीही त्यांनीच मिळवून दिली. गाडीसाठी आधी तुझ्या भावाला विचारलं होतं, पण त्याला हरणांच्या शिकारीला जायचंय.

चर्चच्या बायकांनी दिलेली मॅकरोनी फ्रीजमध्ये आहे, गरम करून खा.

'कॉरिनच्या अंगात नुसतं रक्त कमी आहे' असं आईंना तूच सांगितलंस, आता तूच निस्तर.

काल कॉरिनने मला आजाराचं नाव विचारलं. मी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "बाबांना सांगू नकोस, ते घाबरतील."

नोरीन