गुडघ्यावरचं काळं ठिगळ

बाबा, तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली आणि मी अजून कुवेतमध्येच आहे. रुमैथियातल्या फ्लॅटची एक अख्खी खोली मी जुन्या सामानाने भरून टाकली आहे. आइस हॉकीच्या गोलकीपरांनी वापरून टाकलेले पायांचे पॅड, जाळीचे मुखवटे, सुपाएवढे हातमोजे. तुमची सून म्हणते, लोकांकडे देवाला वेगळी खोली असते, आपल्याकडे घामाला आहे. नात दारातच नाक धरते, "बाबा, इट स्टिंक्स!" म्हणते आणि पळते. मी दोघींचंही ऐकत नाही. प्रत्येक वस्तूमागचा खेळाडू हुडकायचा, त्याला फोन करायचा, दात कुठल्या सामन्यात पडला, खेळ का सोडला ते विचारायचं आणि सगळं एका कार्डावर लिहून त्या वस्तूला बांधायचं, हा माझा शुक्रवारचा उद्योग. वाळवंटात राहून बर्फावरच्या खेळाचं सामान जमवतो म्हटल्यावर लोक मला वेड्यात काढतात. तुम्ही काढलं नसतं, कारण असले पॅड माझ्या आधी तुमच्या हाताखालून गेले होते.

शुवैखच्या गॅरेजांच्या गल्लीत तुम्ही गाड्यांच्या सीट शिवायचात. मी नवाकोरा इंजिनिअर, तेल कंपनीत लागलेला, कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहणारा, आणि तुम्ही तेव्हाही गाववाल्या पाच जणांबरोबर एका खोलीत. माझा कॅनडाचा साहेब इथल्या रिंकवर गोलकीपर म्हणून खेळायचा. त्याचा पॅड फाटला तेव्हा मी पुढे पुढे करत म्हणालो, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. तुम्ही तो पॅड उसवलात, आत बोटं घातलीत आणि खुदकन हसलात. "अरे, ह्यो तर सावरीचो कापूस! आपल्या उशीतलो!" मग झिजलेल्या जागी काळ्या रेक्झिनचं ठिगळ लावलंत आणि शिवण संपताना तीन टाके उलटे घेतलेत, ती तुमची नेहमीची रीत. ठिगळाची शेवटची बाजू बंद करण्याआधी डबीतल्या कुंकवाचं बोट आतल्या कापडाला लावलंत. सीट असो नाहीतर पॅड, हे तुम्ही चुकवत नसायचात. मला हसू आलं, तर म्हणालात, "पाय लागतलो तेका. म्हणान आधी पाया पडान घेतलंय." ते ऐकून मी आणखीच हसलो होतो.

साहेब काम बघून इतका खूश झाला की त्याला कारागीर बघायचा होता. मी त्याला घेऊन येतो आहे. तुम्ही मला बघून उठता, हात शर्टाला पुसता, तोंडभर हसत पुढे येता. आणि मी इंग्रजीत सांगतो, हा आमच्या भागातला माणूस आहे, काम चांगलं करतो. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण 'फादर' एवढा शब्द येत होता, आणि तो काही माझ्या तोंडून आला नाही. पुढे केलेला हात तुम्ही तसाच टेबलावरच्या पॅडकडे वळवलात आणि मला म्हणालात, "दूसरा भी हो जाएगा, साब. गुरुवार को ले जाना." साब! जन्मात तुम्ही मला ज्या काही शिव्या दिल्या असतील, त्यातली एकही इतकी लागली नव्हती. पुढच्या शुक्रवारी मी तुमच्या खोलीवर जेवायला आलो. तुम्ही बांगड्याची कढी वाढलीत, काटा बघून खा म्हणालात, आणि मग खाली बघतच बोललात, "पुढच्या वेळेक तेका एकट्याक धाड. वाट म्हायत झाली तेका." मी भात कालवत राहिलो. माफी मागायला तेवढा वेळ पुरेसा होता. नंतर तुम्ही गावी परतलात, मी दर वर्षी महिनाभर येत होतो, तेव्हाही वेळ होताच. साहेब देश सोडून जाताना त्याचा जुना मुखवटा मला देऊन गेला आणि माझा हा नाद तिथून सुरू झाला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या हिवाळ्यात अम्गरामध्ये एका भंगारवाल्याकडे मला तपकिरी चामड्याच्या पॅडची जोडी मिळाली. डाव्या पॅडला गुडघ्यापाशी काळ्या रेक्झिनचं ठिगळ होतं. आम्हा जमवणाऱ्यांचा एक नियम आहे, वस्तू शक्य तितकी मूळ रूपात न्यायची, मागाहून केलेली डागडुजी काढून टाकायची. मी ब्लेड घेतलं आणि ठिगळ उसवलं. शिवणीच्या शेवटी तीन उलटे टाके होते. खाली कापडावर विटकरी रंगाचा, बोटाएवढा डाग होता. तोही मी ओल्या फडक्याने पुसला आणि ठिगळ कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. नियम होता असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे टाके बघताक्षणी मला कळलं होतं, ब्लेड लावायच्या आधीच. पण ठिगळ ठेवलं असतं तर ते कुणी लावलं हे कार्डावर लिहावं लागलं असतं, आणि तो माणूस माझा कोण, हे पुढे कुणीतरी विचारलंच असतं.

पॅडच्या आत अरबीत नाव होतं. रिंकवरच्या जुन्या मंडळींकडे चौकशी करून मी तो गोलकीपर शोधला. सत्तरी ओलांडलेला कुवेती गृहस्थ, हातात काठी, इथल्या जुन्या लोकांसारखं हिंदी बोलणारा. घरी आला, चहा बाजूला ठेवला आणि पॅड मांडीवर घेऊन चाचपू लागला.

"मेरा काला वाला किधर है?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, कुठलं काळं?

"इधर, घुटना पर. शुवैख में एक हिंदी आदमी था, सीट वाला. उसने मेरे को दुकान में नीचे बैठाया, घुटना टेको बोला, चॉक से निशान किया. बोला, तुम्हारा घुटना इधर गिरता है, कंपनी वाला गलत जगह बनाया. उसके बाद आठ साल खेला मैं, घुटना को कुछ नहीं हुआ." मग तो हसला. "मैंने उसको मैच देखने बुलाया. दो स्वेटर पहन के आया. बोला, मेरा लड़का भी इधर है, बड़ा इंजीनियर. मैंने बोला, उसको भी लाओ. बोला, उसको टाइम नहीं मिलता."

बाबा, तुम्ही सामना बघायला गेला होतात हे मला ठाऊकही नव्हतं. तुम्ही साहेबाला नाही, पण एका परक्या माणसाला माझ्याबद्दल सांगितलंत, आणि मी वेळ देत नाही याचा दोषही माझ्या नोकरीवर ढकलून मला सांभाळून घेतलंत. तो सीटवाला माझा बाप, हे समोर बसलेल्या म्हाताऱ्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं, ठिगळ धुवायला काढलं आहे, पुढच्या आठवड्यात या.

कचरा केव्हाच गेला होता. शुवैखमधून काळं रेक्झिन आणलं. तुमच्या दुकानाच्या जागी आता गाड्यांचे स्क्रीन विकतात. जुनं दिसावं म्हणून रेक्झिन उन्हात टाकलं, दगडावर घासलं, चहाच्या पाण्यात बुडवलं. जाड दोरा, मोठी सुई, आणि मी, ज्याने जन्मात शर्टाचं बटण लावलं नाही. चार वेळा उसवलं. बोटं सोलली. तुमची सून विचारत होती की हे एवढं कशासाठी, आणि तिलाही मी धड सांगितलं नाही. शेवटी तीन टाके उलटे घेतले. आत कुंकू लावायला मात्र हात धजला नाही.

तो ठरल्या दिवशी आला. खिडकीपाशी उजेडात पॅड धरला, ठिगळावरून अंगठा फिरवला, शिवणीच्या टोकाशी थांबला. मग त्याने मान हलवली. "हां. वही हाथ." आणि थोड्या वेळाने, "वो आदमी है अभी?"

मी म्हणालो, पता नहीं.

त्याने पॅड मला परत दिला, जपून ठेव म्हणाला आणि गेला. कार्डावर मी त्याचं नाव लिहिलं, त्याची आठ वर्षं लिहिली, तुमच्या नावाची ओळ कोरी ठेवली. त्याचा नंबर माझ्याजवळ आहे, तो दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो, आणि मी अजून फोन केलेला नाही. तुमच्याशी तरी खरं बोलायचं म्हणून एक सांगतो. तो 'वही हाथ' म्हणाला तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी मला आनंद झाला, बाबा.