देव्हाऱ्यातला ट्रायलोबाइट

सर,

काकू तुमच्या दगडाला रोज आंघोळ घालतात. तुम्ही आधी पोट धरून हसला असतात आणि मग कपाळावर हात मारून घेतला असता. पण चूक तुमचीच. तो ट्रायलोबाइट, दगड झालेला किडा, तळहातावर घेऊन तुम्हीच त्यांना चिडवायचात, "आगं, तुझ्या समद्या देवांपेक्षा म्हातारा हाय ह्यो!" तुम्ही गेलात, आणि काकूंनी तुमचा शब्द खरा मानला. सांगलीजवळ माधवनगरच्या घरात बाळकृष्ण आणि खंडोबाच्या टाकाच्या मधोमध, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी रांगणारा तो खवल्याखवल्यांचा किडा बसला. गंध, फूल, अक्षता, सगळं साग्रसंगीत. सणाच्या आदल्या दिवशी पितळी देव चिंचेनं घासताना त्या त्यालाही घासतात. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "ह्यांचा दगड पांढरा पडलाय गं. तू दगडांची डॉक्टर हायस नव्हं, येऊन बघ की." कराडहून सांगलीला जाताना बसमध्ये मी मनाशी म्हणत होते, चुनखडीचा दगड आहे, चिंचेच्या आंबटानं खाल्ला असणार, दुसरं काय?

तुम्ही तो पहिल्यांदा माझ्या हातात दिलात तो दिवस मला अजून दिसतो. प्रयोगशाळेत रॉकेलचा वास आहे, खिडकीत तुमचा जेवणाचा डबा धुऊन पालथा घातलाय, आणि तुम्ही पुस्तकी मराठी सोडून आष्ट्याच्या बोलीवर आलायत. "आपल्याकडं नुसता लाव्हाचा काळा कातळ. ह्यात समुद्रातला किडा कुठनं घावायचा? मंग जो इकतोय त्यानं एक तर लांबनं आणलाय, न्हाईतर घरात बसून बनीवलाय." मग भिंग माझ्या डोळ्याला लावून एकेक दाखवता. बारीक गोल भोकं दिसली तर ते ओतकामातले हवेचे बुडबुडे, खऱ्या दगडात ती नसतात. दगडाची चीर किड्याच्या अंगातूनही गेली पाहिजे. काठाशी येऊन थांबली तर किडा वरून चिकटवलेला. ॲसिटोनचा बोळा फिरवला की रंग सुटतो, पण तो फिरवायचा मागच्या बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात, म्हणजे समोरची शोभा जात नाही. आणि तरी शंका राहिलीच तर, "ह्याच्या शेजारी ठेवून बघ. ह्यो खोटं बोलत न्हाई." एकदा एका विक्रेत्याचा नमुना बघून मी बोलून गेले, छान आहे, खराच असणार. भर वर्गात तुम्ही कडाडलात, "छान हाय म्हणून खरा? तसं असतं तर कुणाची लग्नं मोडली नसती!" सगळे हसले. मी घरी जाऊन रडले, पण ते वाक्य जन्मभर पुरलं. आता लोक मोबाइलवर मागवलेले ट्रायलोबाइट घेऊन माझ्याकडे येतात. अर्धं अंग खरं, अर्धं दगडाची भुकटी आणि डिंक. मी तोंडावर सांगते. फटकळ बाई म्हणून माझं नाव झालंय, आणि मला त्याचा माज होता सर, खोटं कशाला बोलू?

काकूंच्या खिडकीपाशी बसून मी भिंग काढलं. चिंचेनं दगड खाल्लाच होता, भोवतालची चुनखडी पार खरबरीत झालेली. पण किडा गुळगुळीत. त्याचा नुसता रंग उडालेला. खऱ्या दगडाला आंबटानं खाल्लं आणि खोट्याला काही झालं नाही! आतल्या पांढऱ्यावर घावनाला पडते तशी बारीक गोल भोकांची जाळी होती. चीर काठापर्यंत येऊन थांबली होती. मग मी तो उलटा केला. मागे, खाली डाव्या कोपऱ्यात, रंग पुसलेला एक ठिपका होता. जुना, कडेनं पिवळा पडलेला. चिंच अशी एका जागी नेमकी लागत नाही. ती तुमची जागा आहे, सर. तुम्हाला माहीत होतं.

कधीपासून? माझ्या हातात देण्याआधी की नंतर? आधी असेल, तर मला शिकवलंत तरी काय? नंतर असेल, तर एकदा हाक मारून सांगायला जीभ झडली होती का तुमची? कोणकोणाचे नमुने मी या ओतीव किड्याच्या मापानं खरे ठरवले, आता कुणाकुणाच्या दारात जाऊ? यंदा आमच्या कॉलेजात भूशास्त्राला एकही विद्यार्थी आला नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, सुटली पोरं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कप खाली ठेवला आणि उभ्याच राहिल्या, पदराला हात पुसत. "माझ्या चिंचेनं गेला व्हय गं? खरं सांग. माझ्या हातनंच खराब झाला का ह्यांचा दगड?" खरं सांगितलं असतं तर त्या सुटल्या असत्या. काकू, तुमच्या हातून काही बिघडलं नाही, तो मुळातच खोटा होता. एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग तुम्ही गेला असतात, पुन्हा एकदा, आणि या वेळी माझ्या तोंडून. मी दगड सुलटा केला आणि म्हणाले, "चिंच चालत नाही हो याला. खरा आहे ना, म्हणून." काकू मटकन खाली बसल्या. रडल्याही नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "त्यांनी एवढा जपला, आन् म्या धुऊन घालवला."

तुमची अब्रू राखली मी, सर, आणि किंमत त्या बाईकडून घेतली. तुम्ही गप्प बसलात तशीच आता मीही गप्प आहे. एवढं मात्र तुमच्याकडून नीट शिकले. हा कागद कुठे पाठवणार? दप्तरात खाली घालून ठेवीन, काकूंच्या हाती लागणार नाही असा. परवा त्यांच्याकडे जेवायला होते. आमटीची चव वेगळी लागली म्हणून विचारलं. म्हणाल्या, "चिंच बंद केली मी घरात. आमसूल घालते." मी आणखी एक वाटी मागून घेतली.