हौसेचं कपाट

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाथरूमचं काम आई यायच्या आधी एकदाचं संपलं. बेसिनखालच्या कपाटात गीझर असा दडवलाय, की पाहुण्यांना गरम पाणी म्हणजे आमची पुण्याईच वाटावी. नुसत्या बिजागऱ्यांसाठी यांनी सात दुकानं पालथी घातली.

आई इथे राहायला आली त्याला महिना झाला, पण तिचं मन रमत नाही. हाताला मुंग्या येतात म्हणते. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगून गोळ्या दिल्या. आता अंघोळीलाच टाळाटाळ करते. परवा नळ कोपरानं उघडत होती. मी बोलले, तर म्हणाली, मला थोरल्याकडे परत पाठव. माझं काय चुकलं ते तूच तिला विचार.

वहिनींना नमस्कार. आळस झटकून उत्तर धाड.

तुझी,
ठमी

६ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझा फोन लागेना, म्हणून कुरिअर. आधी ऊठ आणि मेन स्विच बंद कर. केलास? आता पुढे वाच.

तुम्ही दोघं बाथरूममध्ये रबरी सपाता घालून मिरवता, आई अनवाणी असते. म्हणून मुंग्या तिलाच. त्या वयाच्या नाहीत, विजेच्या आहेत. गीझरचा करंट नळापर्यंत उतरलाय. असंच चाललं, तर लवकरच तिला गोळ्यांची गरज उरणार नाही.

मेहुण्यांना सांग, कपाटात ठेवलं म्हणजे बाथरूमबाहेर ठेवलं असं होत नाही. वाफ दार वाजवून आत येत नाही. जे दार पेचकसाशिवाय, नुसत्या हातानं उघडतं, त्याच्या आतही बाथरूमच. तीस वर्षं वीजतपासनीस म्हणून मी हेच घोकवत आलो. आत प्लग नको, बोर्ड नको. स्विच बाहेर, अर्थिंग पक्कं, आणि करंटची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवा. परवानावाला वायरमन बोलाव. मेहुण्यांनी स्वतः पेचकस उचलला, तर मी संबंध तोडीन, तोही मेनपासून.

काळजीत,
दादा

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वायरमननं कपाट उघडलं आणि कपाळावर हात मारला. आत साबणाच्या पुड्यांशेजारी एक्स्टेन्शन बोर्ड. गीझरच्या प्लगची जाड पिन त्यात बसेना, म्हणून यांनी ती करवतीनं कापली होती. यांच्या मते ती शोभेची असते. अर्थिंग त्याच पिनेतून जातं हे कळल्यावर यांनी करवत माळ्यावर टाकून दिली. घरात शांतता आहे, तेवढा तुझा उपकार.

तू लिहिलंस तसं सगळं करून घेतलं. आईला मी उगाच बोलले, ते मात्र कोणत्या वायरमनला दाखवू? सोबत तिची चिठ्ठी आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

चि. थोरल्यास,
अ. आ.

नळ धरला की मुंग्या येतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण लेकीच्या घरी पाऊल ठेवल्या ठेवल्या जावयांच्या हौसेला नावं कशी ठेवू? म्हणून सगळं वयावर ढकललं. वय काही उलटून बोलत नाही.

आता मला न्यायला येऊ नकोस. काल धीर करून जावयांना तोंडावर सांगितलं, की तुमचा चहा पाणचट असतो. त्यांनी पातेलंच माझ्या हातात दिलं.

तुझी,
आई