फळी चिरण्याआधी

प्रिय बाबा,

आधी चुकीची दुरुस्ती. मंगळवारी मी तुम्हाला सांगितलं की सुतारकाकांकडे आपला नंबर लागला आहे, त्यामुळे पलंगात आता काहीही बदल करता येणार नाही. हे चूक आहे. ते मला सुतारकाकूंनी फोनवर सांगितलं होतं आणि मी ते काकांचंच म्हणणं समजून तुमच्यापुढे ठेवलं. काल कामावरून परस्पर त्यांच्याकडे गेले. काका म्हणाले, फळी चिरेपर्यंत काय वाटेल ते बदला, चिरल्यावर मात्र माझ्या बापालाही जमायचं नाही. डोक्याकडची फळी अजून चिरलेली नाही. आईने पसंत केली तशीच भिंतीला टेकून उभी आहे, मधोमध पाण्यातल्या भोवऱ्यासारखा तो गोल घेऊन.

चूक आधी आणि खुशाली मागून, हा नियम तुमचाच. मी लहानपणी सारखी आजारी असायचे, शाळेत घालता येईना, तेव्हा छापखान्यात जाताना तुम्ही रोज माझ्या उशाशी एक पत्र ठेवून जायचात आणि संध्याकाळपर्यंत त्याचं उत्तर तयार हवं असायचं. दिवसभर दुसऱ्यांची प्रुफं तपासून आल्यावर तुम्ही माझं पत्र लाल पेनाने तपासायचात. एकदा मी लिहिलं, आज ताप नाही. दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत शेवटच्या ओळीत लिहिलं, काल ताप होता. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, शुद्धिपत्र पुस्तकाच्या शेवटी छापतात आणि तिथपर्यंत कोणी वाचत नाही, म्हणून आपल्या घरात ते पहिल्या ओळीत. माझी पहिली शाळा ती. पुढच्या शाळांनी फारशी भर घातली नाही. आता प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते तेव्हा प्रत्येक नाव तीनदा वाचते, आणि बरोबरच्या मुली हसतात. तुम्ही मला शंकासुर म्हणता ते त्यांना अजून कळलेलं नाही हे माझं नशीब.

एकाच घरात राहून पत्र कशाला, असं म्हणाल. पण बोलायचं कुठे, बाबा? आईचे कान अजून वॉर्डातल्या नर्सचे आहेत, दोन खोल्यांपलीकडची कुजबुज त्यांना ऐकू जाते. आणि ती झोपली असताना विषय काढला तर तुम्ही ‘बघू’ म्हणता आणि चष्मा पुसायला घेता. इतका स्वच्छ चष्मा अख्ख्या गल्लीत कोणाचा नसेल.

पलंगाची ऑर्डर दिली तो दिवस मला सारखा आठवतो. आई नुकतीच निवृत्त झाली होती. तुमचा सगळा संसार दोन न जुळणाऱ्या खाटांवर झाला. एक तिच्या माहेरची, एक तुमच्या एकट्याच्या खोलीतली, आणि एक दुसरीपेक्षा बोटभर उंच. आईची रात्रपाळी, तुमची दिवसपाळी. तुम्ही म्हणायचात, आमची भेट दारात होते, किल्ली देताना आणि किल्ली घेताना. दोन खाटांच्या मधल्या फटीत आईच्या केसांच्या पिना गेल्या, तुमच्या पेनांची टोपणं गेली, आणि एकदा मीही गेले. निवृत्तीनंतर आईने एकच हट्ट धरला, की एकसंध पलंग हवा, मधे फट नको. सुतारकाका एका वेळी एकच काम घेतात आणि रांग वर्षाच्या पलीकडे गेली आहे, हे कळल्यावर तुम्ही दुसरीकडे जाऊ म्हणालात. आई म्हणाली, ‘इतकी वर्षं फटीवर काढली, अजून थोडी काढेन. पण डोक्याकडची फळी हीच हवी.’ असं म्हणून तिने त्या भोवऱ्यावर तळहात ठेवला. तुम्ही काकांना म्हणालात, सिस्टरांनी तपासलंय, आता दाखल करून घ्या. काका मोठ्याने हसले होते. आईपण.

मग रांगेत आपला नंबर पुढे येत राहिला आणि आई एकेक गोष्ट सोडत गेली. आधी गॅस बंद करायचं विसरली, मग शेजारच्या वहिनींचं नाव, मग मी काय काम करते ते. आणि एका पहाटे तुम्हाला शेजारी पाहून ती किंचाळली. तुम्ही उशी उचलून बैठकीत गेलात, ते पुन्हा आपणहून त्या खोलीत झोपायला आला नाहीत. तुम्ही तिला आवडत नाही असं नाही. दिवसा ती तुमच्याशी किती अदबीने बोलते, चहा घेणार का विचारते. मला बाजूला घेऊन म्हणते, ‘ते चष्मेवाले गृहस्थ सज्जन आहेत गं. पण रात्री इथे नकोत. आमचे हे आले तर काय म्हणतील?’ आणि झोपण्याआधी तुमच्या बाजूची चादर ताणून सरळ करते, उशी थोपटते, आणि त्या अर्ध्या भागावर हातसुद्धा जाऊ न देता आपल्या कडेला अंग चोरून झोपते. तुमची जागा ती तुमच्यापासूनच राखते आहे, बाबा. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण याहून सौम्य मला लिहिता आलं नाही.

आणि तुम्ही बैठकीतल्या सोफ्यावर. सोफा तुमच्या गुडघ्यापाशी संपतो, पुढचे पाय स्टुलावर. सकाळी भिंत धरून उठता आणि मी पाहिलं की म्हणता, जरा व्यायाम करतोय. नंबर लागायला आला तेव्हाच मी म्हटलं होतं, ऑर्डर बदलूया का? तुम्ही म्हणालात, ‘सांगितलाय तसाच होऊ दे. ऑर्डर तिची आहे. तिला माझ्यासाठी जागा ठेवायची आहे ना, ठेवू दे.’ मग मी टेप घेऊन खोली मोजली. तो पलंग आला की कडेला जेमतेम एका स्टुलाएवढी जागा उरते. दुसरी खाटच काय, खुर्चीसुद्धा मावणार नाही. म्हणजे आत तुमची जागा कायम राहील आणि तुम्ही कायम बाहेर राहाल.

म्हणून काल गेले. काकू दाराशीच रांगेची वही घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, एका मोठ्या पलंगाचे दोन लहान करायचे असले तर? त्या म्हणाल्या, ‘रांगेत असताना कोणाचं लग्न मोडतं, कोणाला जुळी होतात, कोणी घरच बदलतं. मी काय सगळ्यांच्या नाड्या बघत बसू? माप बदललं की रांगेत शेवटी.’ आतून काका ओरडले, ‘लाकूड तेच आहे, माणसं तीच आहेत, शेवटी कशाला?’ तुझं डोकं फिरलंय, तुझं कधी जागेवर होतं, असं दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी काकूंनी ‘एक’ खोडून ‘दोन?’ लिहिलं आणि प्रश्नचिन्ह मुद्दाम मोठं काढलं. मी विचारलं, आठ पाय करायचे म्हणजे वेळ जास्त लागेल, मग आपल्या मागच्या माणसाला थांबावं लागेल, त्याला विचारायला नको का? काकूंनी वही मिटली. म्हणाल्या, ‘बाई, तुला झोप तरी लागते का गं?’

फळीचं असं आहे. दोन पलंग केले तर ती भोवऱ्यातूनच चिरावी लागेल. दुसरीकडून चिरली तर एक पलंग अरुंद होतो. अर्धा भोवरा आईच्या डोक्याशी आणि अर्धा दुसऱ्या पलंगाच्या. काकांनी खडूने रेघ मारून दाखवली आणि मला तिकडे बघवेना. मी म्हटलं, पुसा ती. त्यांनी पुसली, पण खडूचा पांढरा माग तिथे राहिलाच.

आता गाळलेला मजकूर. चूक वेगळी आणि गाळलेला मजकूर वेगळा, हेही तुम्हीच शिकवलंत. चुकीचं दिसतं तरी, गाळलेलं दिसतच नाही.

मागच्या महिन्यात तुम्हाला ताप आला होता. बैठकीतला पंखा दुरुस्तीला गेला होता, म्हणून वहिनींची घडीची खाट आणून मी ती आईच्या खोलीत, दारातच टाकली. दार अर्धंच उघडत होतं, मी अंग चोरून आत-बाहेर करत होते. आई ओरडेल म्हणून माझा जीव मुठीत होता. तुम्ही ग्लानीत होतात, तुम्हाला काही आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर तुम्ही विचारलंत, त्रास दिला का तिने? मी म्हटलं, नाही, शांत होती. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं.

ती उठून तुमच्यापाशी आली, बाबा. आधी तिने तुमची चादर पाहिली आणि तोंड वाकडं केलं. मग दोन्ही कोपरे वॉर्डात घालतात तसे दुमडून गादीखाली घट्ट खोचले. किती दिवसांत तिला ब्लाउजची बटणं लावता आलेली नाहीत, आणि ते कोपरे असे बसले की इस्त्री केल्यासारखे. मग तिने तुमचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले. मला म्हणाली, ‘नुसती उभी काय राहतेस? पाणी आण. घड्या भिजव.’ मी आणलं. दुपारभर ती घड्या बदलत राहिली. तुम्ही कण्हलात की म्हणायची, ‘झालं हं, झालं. झोपा आता.’ तुम्ही एकदम गप्प व्हायचात. तिचा आवाज पूर्वीचा होता. मी दाराच्या फटीत उभी राहून तो आवाज ऐकत होते.

मग तिने मला जवळ बोलावलं आणि हळू विचारलं, ‘ह्या पेशंटची बायको येत नाही का गं भेटायला?’

मी भांड्यातलं पाणी बदलायला घेतलं. मग ती तुमच्या कपाळावरची घडी उलटी करून म्हणाली, ‘असू दे. मी आहे.’ ती आपल्या खाटेवर आडवी झाली, पण तुमचं मनगट तिने सोडलं नाही. संध्याकाळी मी दिवा लावायला आले तेव्हा दोघं झोपला होतात, मधे तिचा हात पुलासारखा. ती एकदाही दचकली नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण त्या प्रश्नासकट सांगावं लागलं असतं. पण त्याशिवाय माझं म्हणणं तुम्हाला पटणार नाही. शेजारी नवरा म्हणून कोणी झोपलं की ती घाबरते. मधे हातभर जागा सोडून दुसऱ्या खाटेवर पेशंट असला तर ती घाबरत नाही. आयुष्यभर ती तशाच खोल्यांत जागी राहिली. त्या खोलीत दोन लहान पलंग मावतात, मधे एक स्टूल ठेवण्याइतकी जागा सोडून. मी मोजलंय. बाबा, तुम्ही तिचे नवरा म्हणून आत येऊ शकत नाही, पेशंट म्हणून येऊ शकता. मी तिला रोज सांगेन की पेशंट आले आहेत. त्यात खोटं फारसं नाही. त्या सोफ्याने तुमची पाठ पुरती कामातून घालवली आहे.

ती विचारेल, आमचे हे आल्यावर कुठे झोपतील? त्याचाही विचार केला आहे. दोन्ही पलंगांच्या आतल्या कडेला काका भोकं पाडून देणार आहेत आणि लाकडी खुंट्या वेगळ्या देणार आहेत. खुंट्या ठोकल्या की पलंग एक होतो, भोवरा पुन्हा जुळतो, मधे फट राहत नाही. मी तिला सांगेन, हे आले की त्याच दिवशी जोडू. खुंट्या तुमच्या टेबलाच्या खणात ठेवू या, लाल पेनांच्या शेजारी. त्या कधी लागणार नाहीत हे मला माहीत आहे. तरी भोकं पाडून घ्यायची आहेत, नुसतं तिला सांगण्यापुरती नाहीत.

हे पत्र तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवते आहे, म्हणजे ‘बघू’ म्हणायच्या आधी हाती लागेल. तुम्ही यावर लाल काट मारलीत तर ती मी मानीन, ऑर्डर आहे तशीच राहील, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. पण पान कोरं परत आलं तर मंजूर, हा तुमच्या छापखान्याचा नियम. काका सोमवारी फळी चिरायला घेणार आहेत. खडूची रेघ पुन्हा मारायला सांगायला मी सोमवारी सकाळी, करवत सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या दारात असेन.

तुमचीच,
शंकासुर