पोट धरून हसले

प्रिय खारू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. बाबा आहेत, आणि बरे आहेत. आत्ता पलीकडच्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडलेत, कारण मघाशी औषधाची बाटली माझ्या हातात त्यांनी पाहिली. मी तुला शेवटचं पत्र लिहिलं तेव्हा तू होस्टेलवर होतीस. तुझं उत्तर बाबांनी लाल शाईने तपासून तुलाच परत धाडलं होतं, बारा ठिकाणी 'आणि'चा 'णि' दीर्घ काढलास म्हणून. तू महिनाभर रुसलीस आणि आईने त्यांना सुनावलं, की छापखान्यातली प्रुफं छापखान्यातच ठेवत जा, पोरीचं पत्र म्हणजे सरकारी गॅझेट नव्हे. हे पत्र त्यांच्या हाती पडणार नाही, याची काळजी मी घेतली आहे. शुद्धलेखनाची भीती आहेच, पण तेवढंच कारण नाही.

फोन का नाही केलास, असं विचारशील. घर ते केवढं! स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी त्यांना ऐकू जातं. अर्धं अंग गेलं, पण कान दुप्पट झाले. आणि आपल्या ग्रुपवर तर सगळेच हजर असतात. आत्या असते, दोन्ही काका असतात, आमचे जावईबापू असतात, कुठली कुठली चुलत भावंडं असतात. तिथे कोणी खरं काही लिहीत नाही. तिथे शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षाहून मोठा असतो, हे लिहायचं असतं.

आमची सकाळ कशी जाते हे तुला ठाऊक आहे, असं तुला वाटतं. मीच तसं सांगत आलोय. त्यांचं अंग पुसून, दाढी करून, कपडे आणि चादर बदलून, चमच्याने भरवून होईतो साडेनऊ वाजतात. मग दोन उशांना टेकवून बसवतो, स्टूल ओढतो आणि फोन उघडतो. तोच आमचा पेपर. रात्रीपासून तू, आत्या आणि काका मिळून जे काही टाकलेलं असतं ते मी एकेक करून वाचतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. कुठल्याशा आजीबाई ऐंशीव्या वर्षी पोहायला शिकल्या. कोणाच्या परड्यात सशाच्या आकाराचा बटाटा निघाला. गुडघेदुखीवर काकांचा नवा लेप. प्रत्येकानंतर बाबा म्हणतात, "पुढे." आजाराने त्यांचे सगळे शब्द नेले आणि तेवढा एकच ठेवला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आयुष्यभर सर्वांत जास्त घोळवलेला एखादा शब्द मागे उरतो. आठवतं ना, सुट्टीत आपण छापखान्यात जायचो तेव्हा एक जण हस्तलिखित मोठ्याने वाचायचा आणि बाबा प्रुफावर बोट ठेवून ओळीओळीला "पुढे" म्हणायचे? तोच हा. चहा हवा का? पुढे. दुखतंय का? पुढे. मी इतका गाढव कसा झालो, बाबा? पुढे.

माझं काम मी पुढच्या खोलीत मांडलंय, हे तुला फोटोत दिसतं. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, मी प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, कवळी घासून चकचकीत करतो. पूर्वी लॅबमध्ये आम्ही चौघं एका टेबलाभोवती बसायचो. एक जण कवळी हातात धरून तिच्याकडून बोलून घ्यायचा आणि आम्ही खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहायचो. आता मी आणि खिडकीत ओळीने मांडलेले जबडे. दोन वर्षं आणि चार महिने झाले. या काळात मी जास्तीत जास्त लांब गेलो तो औषधांच्या दुकानापर्यंत, तोही घड्याळ बघत. खालच्या मजल्यावरच्या रिटायर झालेल्या बाई, ज्यांना तू भूगोलबाई म्हणतेस, त्या तेवढी पंधरा मिनिटं वर येऊन बसतात. तक्रार म्हणून लिहीत नाहीये. तुझी दुकानातली दिवसभर उभ्याने नोकरी आहे, दीड दिवसाचा प्रवास आहे, मुलीची शाळा आहे. हे मला कोणी समजावून सांगायला नको. मीच तुला म्हणालो होतो, तू तिकडचं बघ, इकडे मी आहे. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

आता त्या गुरुवारचं सांगतो. सकाळी वाचत होतो. तू एका पक्ष्याची बातमी टाकली होतीस, दहा-दहा महिने जमिनीला न टेकता उडत राहतो तो. बाबा म्हणाले, "पुढे." त्याच्याखाली चुलत भावाने एक खेळ सुरू केला होता, एक दिवस कुठेही जाता आलं तर कुठे जाल? आत्या डोंगरावर जाणार होती. काकांना बर्फ बघायचा होता. तू लिहिलं होतंस, मला समुद्राकाठी नुसतं झोपायचंय. आणि त्याच्याखाली, "आमच्या दादाला विचारू नका, त्याला घराबाहेर काढायला क्रेन लागेल." खाली हसणारी सात तोंडं. मी सवयीने हेसुद्धा मोठ्याने वाचलं, मग वाचून झाल्यावर मला कळलं आपण काय वाचलं ते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पण तोंडातून निघायचं तेच निघालं. मीही एक हसणारं तोंड ठेवलं, म्हणजे आठ झाली.

तुझा काही दोष नाही, खारू. थट्टाच ती. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. मी उठलो, त्यांना आडवं केलं, पाणी पाजलं, चपला घातल्या, दार ओढून लॅच लावलं आणि बस पकडली. भूगोलबाईंना सांगितलं नाही. पलंगाचा कठडा वर केला नाही. कंडक्टरने विचारलं कुठे, तर म्हणालो, जिथवर जाते तिथवर. शेवटच्या थांब्यावर काय असतं? बसगाड्या धुवायची जागा, एक टपरी आणि सिमेंटचा बाक. मी त्या बाकावर बसलो. तुला वाटेल, मोकळं झाल्यावर माणूस काय काय करत असेल! मी खिशातून फोन काढला आणि ग्रुप वाचत बसलो. काकांचा लेप, कोणाचा तरी हरवून नऊ महिन्यांनी परतलेला बोका, वाळवंटात पडलेल्या गारा. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की शेजारी बसलेला ड्रायव्हर माझ्याकडे टक लावून बघतोय. मी मोठ्याने वाचत होतो. प्रत्येक बातमीनंतर थांबत होतो, आणि कोणी काही म्हणत नाही म्हटल्यावर पुढची घेत होतो.

दुपारी एकच्या सुमाराला तू तो शेळीचा व्हिडिओ पाठवलास. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जाते आणि कोणाच्या तरी दाराची कडी वाजवते, तो. पाठोपाठ तू मला विचारलंस, "बाबांना दाखवलास का? हसले का?" मी त्या बाकावरून तुला लिहिलं, "पोट धरून हसले." तू पाच लाल बदाम पाठवलेस. आत्याने लिहिलं, आमचा भाऊ पहिल्यापासून हसराच.

घरी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. बाबा पलंगावर नव्हते. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये, आपण लहानपणी लपायचो त्या फटीत, खाली पडले होते. धड उताणे नाहीत, धड कुशीवर नाहीत. डाव्या हाताने एक उशी ओढून त्यांनी कशीबशी गालाखाली घेतली होती. कपडे भिजून वाळत आले होते. कोपर सोललं होतं आणि कपाळावर टेंगूळ आलं होतं. डोळे उघडे होते. मी दारातून धावत आलो, गुडघ्यांवर बसलो, "बाबा, बाबा" करत राहिलो. खारू, ते काही बोलले नाहीत. तो एक शब्दही नाही. मी त्यांना उचललं, तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या गळ्यात टाकला, उचलताना टाकावाच लागतो म्हणून. पलंगावर ठेवल्याबरोबर काढून घेतला.

भूगोलबाई वर आल्या. म्हणाल्या, दुपारी धप्पकन आवाज आला म्हणून बेल वाजवली, दोनदा वाजवली. मी म्हणालो, डोळा लागला होता. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. घाईत मी चपला काढल्याच नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलावून घ्या," आणि ते येईपर्यंत बसून राहिल्या. डॉक्टरांनी तपासलं, हाड मोडलेलं नाही म्हणाले, आणि विचारलं, कसे पडले? मी म्हणालो, बाथरूमला गेलो होतो, दोन मिनिटांसाठी. बाबा ऐकत होते. तू त्यांना ओळखतेस. दुकानाच्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली तर आत जाऊन सांगणारा माणूस. लग्नाच्या पत्रिकेतली चूक नवऱ्यामुलाच्या बापाला दाखवून आलेला माणूस. ते माझ्याकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि मग डॉक्टरांकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "पुढे." डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. त्यांनी मला चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन दिवस त्यांनी मला वाचू दिलं नाही. मी स्टूल ओढलं की भिंतीकडे तोंड फिरवायचे. मी तरी वाचलं, आवाज चढवून वाचलं, शेवटी गप्प बसलो. चौथ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने फोन मागितला. मी दिला. त्यांना तो वापरता येत नाही, नुसता अंगठा फिरवत राहिले. तुझा लहानसा फोटो दिसला तिथे अंगठा थांबला. मला वाटलं तुझी बातमी वाचायला सांगतायत, म्हणून मी वाचायला लागलो. त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि तुझ्या फोटोवर अंगठा ठोकला, मग माझ्या छातीवर ठोकला, मग परत तुझ्या फोटोवर. असं चार-पाच वेळा. त्याचा अर्थ मी आठवडाभर वेगवेगळा लावून पाहिला. तिला सांग, असा असेल. तिला बोलाव, असाही असेल. किंवा तुम्ही दोघं आहात ना, मग हा एकटा का, असा असेल. आपल्याला सोयीचा तोच मी धरतोय, असंही मनात येतं.

आता खरं काय ते. बाबा त्या शेळीला हसले नाहीत, कारण त्यांनी ती पाहिलीच नाही. पण त्या आधीचे सात-आठ महिनेही ते हसलेले नाहीत. तू विचारायचीस आणि मी लिहायचो. एखाद्या दिवशी लिहायला विसरलो तर तू काळजीने फोन करायचीस, म्हणून मी विसरेनासा झालो. तुला त्यावर निर्धास्त झोप लागत होती, आणि मला ते लिहिताना वाटायचं, चला, या घरात कोणीतरी हसतंय. पण हे सांगायला मी पत्र लिहीत नाहीये, माफी मागायलाही नाही. एक गोष्ट आहे जी मी भूगोलबाईंना सांगू शकत नाही आणि बाबांना तर नाहीच. त्या दिवशी मी परत आलो, तो बाबांची आठवण झाली म्हणून नाही. कठडा खाली राहिलाय हे मला बाकावर बसल्या-बसल्या, अकरालाच आठवलं होतं. मी परत आलो, कारण माझ्या फोनची बॅटरी संपली आणि तिथे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ती संपली नसती तर मी आणखी किती वेळ बसलो असतो, हे मला खरंच माहीत नाही. या माणसाच्या भरवशावर तू बाबांना ठेवलेलं आहेस. म्हणून तू ये. दोन दिवस भेटायला नको, महिनाभरासाठी ये. दुकानात भांडावं लागलं तर भांड, मुलीला सोबत आण, आणि मला तेवढे दिवस या घरातून बाहेर काढ. नंतर पुढचं काय, कोण, कुठे ठेवायचं, ते आपण दोघं समोरासमोर बसून ठरवू. जमत नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी रागावणार नाही, दुसरी सोय शोधेन. पण बदाम पाठवू नकोस. गाडीची तारीख पाठव.

तुझाच, आणि तू समजत होतीस तितका भला नसलेला,
दादा